घरच्या संगणकाला एसएसडी घ्यावी की हार्ड डिस्क? जुना डेस्कटॉप, भजनांची रेकॉर्डिंग आणि आपला पावसाळा

म्हादई

नमस्कार मंडळी. वाळपईला आमच्या घरी एक डेस्कटॉप आहे. सातव्या पिढीचा इंटेल आय-फाईव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. यंत्र तसं धडधाकट आहे, पण सुरू व्हायलाच इतका वेळ घेतं की बटण दाबून आई अंगण झाडून येते. एखादी फाईल उघडली की डब्यातून कर्र-कर्र आवाज येत राहतो आणि तोवर माऊसचा बाण जागचा हलत नाही.

ह्या डिस्कवर साधारण ६०० जीबी ऐवज आहे. बाबांनी कित्येक वर्षं सत्तरीतल्या देवळांत सप्ताहाची, भजनांची रेकॉर्डिंग केली, आधी कॅसेटवर, पुढे मोबाईलवर. ती सगळी संगणकावर उतरवून ठेवलीत. शिवाय चवथीचे फोटो, गावच्या नाटकांचे व्हिडिओ, भावाच्या कामाची कागदपत्रं. भजनांमधले कितीतरी गायक आणि पखवाजी आज हयात नाहीत. ते आवाज गेले तर कुठून आणणार?

बाजारात विचारलं तर एक जण म्हणतो नवीनच घ्या, दुसरा म्हणतो हार्ड डिस्क फेकून १ टीबीची एसएसडी घाला. माझा मामेभाऊ म्हणतो एसएसडी एक दिवस न सांगता मरते, तिच्यावर काही ठेवू नकोस. आणि आमच्याकडचा पावस तुम्हांला माहीत आहे. जून लागला की कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी चढते आणि लाईट दिवसभर ये-जा करते. अशा हवेत कुठली डिस्क जास्त टिकते? आमच्यासारख्या घराने नेमकं काय घ्यावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

जुवारी

दादा, संगणक रखडतो त्याचं कारण त्या कर्र-कर्र आवाजातच आहे.

हार्ड डिस्कच्या आत चकत्या फिरत असतात आणि त्यांच्यावरून हेड सरकत असतं. डेस्कटॉपच्या डिस्कची चकती बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते, लॅपटॉपची ५४००. ७२०० चा हिशेब केला तर एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा फिरून हेडखाली यायला सरासरी ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेडला त्या वर्तुळापर्यंत सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. एका ठिकाणची माहिती उचलायची तर बारा-तेरा मिलिसेकंद गेलेच. सेकंदाला जेमतेम ऐंशी ठिकाणं झाली. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली डिस्कभर विखुरलेल्या असतात आणि हेड त्या वेचत फिरतं. तो आवाज त्याचाच.

एसएसडीत फिरणारं काही नाही. माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात असते आणि कुठलीही जागा गाठायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी वेळ लागतो. साधी साटा एसएसडीसुद्धा (साटा म्हणजे हार्ड डिस्क ज्या वायरीने जोडतात तीच जोडणी) सेकंदाला अशी हजारो वाचनं करते.

एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे खरेदी सोपी होईल. सलग एकच मोठी फाईल वाचायची असेल तर फरक एवढा मोठा नाही. चांगली हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. तीन-चार पटींचा मामला. नाटकाचा व्हिडिओ बघायला किंवा भजन ऐकायला यातलं थोडंसंच लागतं, त्यामुळे हार्ड डिस्कवरून ते अगदी व्यवस्थित चालतात. विखुरलेल्या बारीक फायलींना मात्र शेकडो पटींचा फरक पडतो. संगणक रखडलेला असताना टास्क मॅनेजर उघडून बघा. डिस्कपुढे १०० टक्के दिसेल, पण वेगाचा आकडा सेकंदाला एक-दोन एमबी एवढाच असेल.

म्हणून विंडोज आणि प्रोग्रॅम एसएसडीवर, आणि साठा हार्ड डिस्कवर. दोन्ही एकाच डब्यात सुखाने नांदतात. तुम्हांला १ टीबीची एसएसडी लागणारच नाही, ५०० जीबी पुष्कळ झाली.

चिरेबंदी

माझं मत थोडं वेगळं आहे. मी मडगावला निवृत्त आयुष्य जगतोय आणि नोकरीभर संगणकाच्या खोलीतच वावरलो. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या आणि त्यांच्यावर मावत होती जेमतेम ५० लाख अक्षरं. तिथपासून हे तंत्र घासूनपुसून इथवर आलंय. एसएसडीतल्या चिपचं तंत्र म्हणजे फ्लॅश, तिचा शोध तोशिबातल्या फुजिओ मासुओकांचा, १९८० च्या दशकातला. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे, पण घरचा ठेवा कशावर ठेवायचा असं कुणी विचारलं तर मी अजूनही हार्ड डिस्कच सांगेन.

कारण हार्ड डिस्क बहुतेक वेळा आधी इशारा देते. आवाज बदलतो, एखादी फाईल उघडायला अडते, कॉपी मध्येच थांबते. स्मार्ट नावाची नोंद डिस्क स्वतःच ठेवत असते, ती बघितली की कळतं. आणि ती मेली तरी चकतीवरची चुंबकीय माहिती तिथेच असते. डेटा रिकव्हरीवाले महागडे खरे, पण हेड बदलून पुष्कळदा ती काढून देतात. एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे आतला कारभार बघणारी चिप, गेला की संगणकाला डिस्क दिसतच नाही, आणि चिपमधून थेट काढायचं म्हटलं तर माहिती विखुरलेली आणि बहुधा सांकेतिक केलेली. शिवाय पुसलेली फाईल हार्ड डिस्कवरून परत मिळायची आशा असते. एसएसडीवर विंडोज ट्रिमचा आदेश देतं, डिस्क ती जागा आतून साफ करते आणि विषय संपतो.

माझ्या घरी साठ्यासाठी दोन हार्ड डिस्का आहेत आणि त्या तशाच राहतील.

जुवारी

चिरेबंदी काका, साठ्याबद्दल आपलं एकमतच आहे. फक्त इशाऱ्यावर फार विसंबू नये असं मला वाटतं. कुठलाही इशारा न देता गेलेल्या हार्ड डिस्का मी पाहिल्यात. स्मार्टमध्ये सगळं हिरवं आणि दुसऱ्या दिवशी टक-टक आवाज. रिकव्हरी हा शेवटचा उपाय. भजनांची दुसरी प्रत असेल तर त्यांच्या दारात जावंच लागत नाही.

स्क्रूड्रायव्हर

मी फोंड्यात दुरुस्तीचं काम करतो. कंपन्या काय लिहितात ते बाजूला ठेवून पावसाळ्यात टेबलावर काय येतं ते सांगतो.

जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या डेस्कटॉपमधले पुष्कळसे डिस्क खराब म्हणून येतात आणि डिस्क ठीक निघते. साटाच्या वायरीचं टोक काढून बघितलं की पितळी पट्ट्यांवर काळपट-हिरवा थर. वायर बदलली की डिस्क दिसायला लागते. काही वेळा हार्ड डिस्कच्या खालचा हिरवा सर्किट बोर्ड काढावा लागतो. चार-पाच बारीक स्क्रू, चांदणीच्या आकाराचे. बोर्ड उलटा केला की आतल्या बाजूला टिकल्यांसारख्या चकचकीत जागा असतात, तिथे हेडच्या आणि मोटरच्या पिना टेकतात. दमट हवेत त्या टिकल्या काळ्या पडतात. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासायच्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायच्या, बोर्ड परत बसवायचा. गेली म्हणून आणलेली डिस्क अशी परत फिरलेली आहे. पण हे घरी करू नका, एक पिन वाकली की खेळ संपला.

हार्ड डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, शेजारी ते झाकू नका असं लिहिलेलं असतं. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवतात, आत गाळणी असते. खूप मोठ्या क्षमतेच्या डिस्कांत हिलियम भरून त्या पूर्ण बंद केलेल्या असतात, त्यांना ते नसतं. त्या भोकावर स्टिकर चिकटवून आणलेली डिस्क मी पाहिली आहे. कृपया तसं करू नका.

एसएसडीला भोक नाही आणि हेड नाही, त्यामुळे दमटपणाचा त्रास कमी. पण जोडणीच्या पट्ट्या तिलाही आहेतच. दोन्हींसाठी सर्वांत चांगलं औषध म्हणजे पावसाळ्यात संगणक रोज तास-दोन तास चालू ठेवणं. आतली ऊब ओल साठू देत नाही. महिनाभर बंद राहिलेलं यंत्रच जास्त खराब होऊन येतं. आणि ते भिंतीला चिकटवून ठेवू नका. चिऱ्यांची भिंत पावसात ओल धरते, मध्ये वीतभर जागा सोडा. मागच्या पट्ट्यांच्या मोकळ्या खाचा बंद करा. मुंग्या आणि पाली तिथूनच आत जातात, आणि एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, पाल चिकटली तर तिच्याबरोबर बाकीचंही जळतं.

म्हादई

सगळ्यांचे मनापासून आभार. स्क्रूड्रायव्हर दादा, आमचा सीपीयू नेमका बाहेरच्या भिंतीला टेकून आहे, आजच सरकवतो.

पुढचा प्रश्न. ऑनलाईन बघितलं तर एसएसडीचे प्रकारच प्रकार. साटा, एम डॉट टू, एनव्हीएमई, टीएलसी, क्यूएलसी. आमच्या जुन्या यंत्राला यातलं काय लागतं? आणि सातव्या पिढीच्या संगणकावर खर्च करणं शहाणपणाचं आहे का? विंडोज ११ तर त्यावर चालत नाही म्हणतात.

जुवारी

प्रकार आधी. साटा एसएसडी अडीच इंचाची, चपटी, लॅपटॉपच्या हार्ड डिस्कएवढी. तुमच्या हार्ड डिस्कला जी वायर आहे तसलीच हिला लागते. एम डॉट टू हा फक्त आकार. २२ मिलिमीटर रुंद, बहुधा ८० मिलिमीटर लांब अशी पट्टी, मदरबोर्डवर आडवी बसते. त्या आकारात साटाही येते आणि एनव्हीएमई ही साटाहून वेगवान जोडणीही, आणि दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्या. इथेच पुष्कळ जण फसतात. खाच असली तरी ती कुठला प्रकार घेते हे मदरबोर्डचा मॉडेल नंबर शोधूनच कळतं.

एनव्हीएमई सलग वाचनात सेकंदाला ३५०० एमबी किंवा त्याच्या दुप्पटही जाते. मोठे व्हिडिओ संपादित करणाऱ्याला ते उपयोगी. कागदपत्रं, ब्राउझर, गाणी एवढ्यासाठी साटा आणि एनव्हीएमई शेजारी ठेवल्या तर फरक सहजी जाणवत नाही. तुमच्या यंत्राला अडीच इंची साटा घ्या. उद्या नवा डेस्कटॉप घेतला तर साटाची जोडणी बहुतेक मदरबोर्डांवर अजून असते, तिकडेही लागेल. पैसे वाया जात नाहीत.

टीएलसीत एका पेशीत तीन बिट, क्यूएलसीत चार. बिट जास्त तितकी डिस्क स्वस्त, पण लिहिण्याचा वेग आणि आयुष्य कमी. क्यूएलसी रिकामी असताना पळते, भरत आली आणि एकदम मोठा साठा लिहायला घेतला की हार्ड डिस्कच्याही मागे पडू शकते. विंडोजसाठी टीएलसी बघा.

आयुष्याची भीती मात्र काढून टाका. सॅमसंगच्या ८७० इव्हो ५०० जीबीला ५ वर्षं किंवा ३०० टीबी लेखन, यातलं जे आधी होईल तोवर हमी आहे. घरी रोज २० जीबी लिहिलं तरी वर्षाला ७.३ टीबी. ३०० टीबी व्हायला चाळीस वर्षं लागतील. तोवर संगणक तर राहणारच नाही.

विंडोजबद्दल: सातव्या पिढीचा आय-फाईव्ह विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही हे खरं. आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेचे व्यवहार त्या संगणकावरून करत असाल तर हा विचार डिस्कच्याही आधी करायला हवा. घरात विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चालणार असेल तर एसएसडीवर ते घाला, ८ जीबी रॅममध्ये सुरेख पळतं आणि मराठी टायपिंगही होतं.

पाटीपेन्सिल

मी डिचोलीला शिक्षिका आहे, तांत्रिक काही कळत नाही, पण अनुभव लिहिते. मुलीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता. नवा घेण्याऐवजी माझाच जुना काढला, आमच्या शेजारच्या मुलाने त्यात एसएसडी घातली आणि मिंट टाकलं. प्रश्नपत्रिका टाईप करायला बसले की पूर्वी फाईल उघडेपर्यंत काय लिहायचं ते विसरायला व्हायचं. आता झाकण उघडलं की काम सुरू. पंखाही पूर्वीसारखा घोंघावत नाही. म्हादई भाऊ, आधी हा प्रयोग करून बघा, नवीन यंत्राचे पैसे नंतर कधीही खर्च करता येतील.

एक शंका मलाही आहे. शाळेतल्या सहकाऱ्यांनी एक फार स्वस्त बाहेरून जोडायची एसएसडी ऑनलाईन बघितली, १६ टीबी, किंमत काही शे रुपये. घ्यावी का?

स्क्रूड्रायव्हर

बाई, हात लावू नका. १६ टीबी त्या किमतीत जगात कुठे मिळत नाही. असल्या डब्या उघडल्या की आत बहुधा लहानसं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं. त्यातलं सॉफ्टवेअर संगणकाला खोटी क्षमता सांगतं. तुम्ही फायली भरत जाता, नावं दिसतात, पण जागा संपली की पुढची माहिती जुन्याच्या डोक्यावर लिहिली जाते. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. कुठलीही नवी डिस्क, अगदी नावाजलेल्या दुकानातून आणलेली असली तरी, आधी एचटूटेस्टडब्ल्यू हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवा. तो सगळी जागा भरून लिहितो आणि परत वाचून पडताळतो. तो पास झाल्यावरच घरचे फोटो टाका.

तानपुरा

भजनांची रेकॉर्डिंग हा शब्द वाचून लिहायला बसलो. म्हार्दोळच्या बाजूला मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो आणि असा ठेवा कुणाच्या घरी जपलेला आहे हे वाचून फार बरं वाटलं. म्हादई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

तुमच्या ६०० जीबीत आवाज किती आणि व्हिडिओ किती हे आधी वेगळं करा. सीडीच्या दर्जाचा, न दाबलेला वेव्ह आवाज मिनिटाला साधारण १०.५ एमबी घेतो, तासाला ६३५ एमबी. साठ मिनिटांच्या शंभर कॅसेट धरल्या तरी ६५ जीबीच्या आत बसतात. फ्लॅक ह्या दाबलेल्या प्रकारात केलं तर दर्जा तसूभरही न घटता जवळपास निम्म्यावर येतं. म्हणजे बाबांचं बरंचसं काम एका साध्या पेनड्राईव्हवर मावेल एवढंच असेल, जागा खातायत ती नाटकं. जे लहान आणि अमोल आहे त्याच्या तीन-चार प्रती ठेवा, जे मोठं आहे त्याच्या दोन.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१ चा नियम आम्ही सगळे पाळतो. प्रती तीन, माध्यमं दोन प्रकारची, त्यातली एक प्रत घराबाहेर. घराबाहेर म्हणजे क्लाउडच पाहिजे असं नाही. तुमची बहीण मडगावला असेल तर तिच्या कपाटात एक डिस्क ठेवा, चवथीला येताना घेऊन यायला सांगा, नवीन भर घालून परत द्या. घरात पाणी शिरलं, वीज पडली, चोरी झाली तरी ती प्रत वाचते.

आणि मूळ कॅसेट फेकू नका. बुरशी दिसली तर त्या कॅसेट वाजवू नका, टेपरेकॉर्डरच्या हेडवरून ती बुरशी दुसऱ्या कॅसेटला जाते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्या ओल धरल्या की बदला.

म्हादई

तानपुरा दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, म्हार्दोळला आलो की भेटतो म्हणून सांग.

कपाटात ठेवायची प्रत एसएसडीवर केली तर? हलकी, पडली तरी फुटत नाही.

चिरेबंदी

कपाटासाठी नको. फ्लॅशच्या पेशीतला भार हळूहळू झिरपतो. जेडेक ही मानकं ठरवणारी संस्था घरगुती एसएसडीकडून एवढीच अपेक्षा ठेवते, की लेखनाची पूर्ण मर्यादा वापरून झाल्यावर वीज न देता ३० अंश तापमानात ठेवलेल्या डिस्कने एक वर्ष माहिती टिकवावी. नवीकोरी, कमी वापरलेली डिस्क याहून बराच जास्त काळ टिकवते, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण तापमान वाढलं की हा काळ घटतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद घरातलं कपाट किती तापतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षानुवर्षं न बघता ठेवायच्या प्रतीला हार्ड डिस्क बरी. तीही दर दोन-तीन महिन्यांनी काढून जोडा, थोडी फिरू द्या, चार फायली उघडून ऐका. चालू असताना मात्र तिला हलवू नका. फिरणाऱ्या चकतीपासून हेड काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, टेबलाला बसलेला धक्काही पुरतो.

जुवारी

बाहेरची हार्ड डिस्क घेताना दोन गोष्टी बघा. काही छोट्या पोर्टेबल डिस्कांत यूएसबीचं टोक थेट डिस्कच्या सर्किट बोर्डावरच डकवलेलं असतं. ते टोक ढिलं झालं की आतली डिस्क काढून दुसऱ्या डब्यात घालायची सोय राहत नाही. शिवाय अशा बऱ्याच डिस्कांत शिंगल्ड पद्धत असते, म्हणजे माहितीच्या रांगा कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या. एकदा लिहून ठेवायचं असेल तर चालतात, वरचेवर पुसून लिहायला घेतलं की फार मंदावतात. बॅकअपला हरकत नाही, रोजच्या कामाला नकोत.

लाईटबद्दल कुणी लिहिलं नाही. वीज अचानक गेली तर हार्ड डिस्क चकतीच्या उरलेल्या फिरण्यातूनच थोडी वीज काढून हेड सुरक्षित जागी नेते, तो भाग चांगला जमलेला आहे. एसएसडीत कुठली माहिती कुठल्या पेशीत आहे याचा तक्ता सतत बदलत असतो. सर्व्हरच्या महागड्या एसएसडीत वीज गेल्यावरही तो लिहून पुरा करायला कपॅसिटर असतात, घरगुतीत बहुधा नसतात. लिहिता लिहिता वीज गेली तर तेवढी फाईल नक्की जाते, आणि वारंवार झालं तर क्वचित डिस्कही. तेव्हा दोन्हींतली कुठलीही डिस्क घ्या, पण डेस्कटॉपला यूपीएस हवाच. जुना असेल तर आधी त्याची बॅटरी तपासा.

स्क्रूड्रायव्हर

ह्याला माझा दुजोरा. मे महिन्याच्या शेवटी आणि पुन्हा पाऊस परतताना ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की यूपीएससुद्धा भिंतीतून काढा. राऊटरचा अडॅप्टरही काढा, तारेतून येणारा झटका लॅनच्या वायरीवरून मदरबोर्डपर्यंत जातो. फायबरची तार विजेचा झटका आणत नाही, पण अडॅप्टर आणतो.

आता बसवण्याचा क्रम, कारण धांदलीत इथेच माहिती जाते. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा स्मार्टची नोंद दाखवणारा प्रोग्रॅम चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (वाचता न येणारे, संशयित) सेक्टर, म्हणजे डिस्कचे बारीक तुकडे, ह्या दोन ओळी. दोन्ही शून्य असतील तर बरं. पेंडिंगमध्ये आकडा असेल तर संगणक बंद करा आणि जाणत्या माणसाकडे न्या, कॉपी करत बसू नका. सगळं ठीक असेल तर नवी बाहेरची डिस्क जोडून संपूर्ण साठा तिच्यावर उतरवा आणि मधूनमधून फायली उघडून ऐका. त्यानंतरच डबा उघडायचा. ५०० जीबीच्या एसएसडीवर तुमचं ६०० जीबी मावणार नाही, म्हणून क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल, करू नका, विंडोज किंवा मिंट नव्याने घाला. त्या वेळी जुन्या हार्ड डिस्कची वायर काढून ठेवा. ती लावलेली राहिली तर विंडोज सुरू व्हायचा भाग कधीकधी जुन्या डिस्कवरच बसवतं, आणि पुढे ती काढली की संगणक सुरूच होत नाही. एसएसडीला खास कंस मिळाला नाही तर दुहेरी चिकटपट्टीने डब्यात चिकटवली तरी चालते, आत हलणारं काही नाही. नंतर हार्ड डिस्कची वायर परत लावा, साठा जिथल्या तिथे दिसेल. आणि विंडोज एसएसडीला डीफ्रॅग करत नाही, म्हणजे विखुरलेले तुकडे जुळवत बसत नाही, ट्रिम पाठवतं. ते ऑप्टिमाईज आपोआप चालू असतं, तसंच राहू द्या.

म्हादई

ठरलं. ५०० जीबीची टीएलसी साटा एसएसडी, तिच्यावर मिंट. जुनी १ टीबी डब्यातच साठ्याला, २ टीबीची एक बाहेरची हार्ड डिस्क बहिणीकडे. तब्येत बघितली, पेंडिंग शून्य आहे, रीअलोकेटेडही शून्य. आवाजाच्या फायली वेगळ्या करायला बसलोय, तानपुरा दादांचा अंदाज बरोबर निघाला, त्या सगळ्या मिळून ७० जीबीच्याही खाली आहेत. यूपीएसची बॅटरी मेलेली आहे, ती उद्याच बदलतो.

शेवटचं एक. भावाच्या जुन्या लॅपटॉपमधून काढलेली ५०० जीबीची हार्ड डिस्क पडून आहे. तिचा भजनांच्या आणखी एका प्रतीसाठी उपयोग होईल का?

स्क्रूड्रायव्हर

होईल. लॅपटॉपची अडीच इंची असल्यामुळे तिला वेगळा अडॅप्टर लागत नाही, यूएसबीचा साधा डबा घ्या, त्यात बसते. डेस्कटॉपची साडेतीन इंची असती तर १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेला डबा लागला असता. घालायच्या आधी तिचीही तब्येत बघा आणि भावाला विचारून पूर्ण फॉरमॅट करा, झटपट फॉरमॅट नको. पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टर तपासतो, वेळ लागतो, लागू दे. मध्ये अडला किंवा कर्र-कर्र सुरू झालं तर ती डिस्क बाजूला ठेवा. नीट पार पडलं तर भजनं तिच्यावर घाला आणि डब्यावर तारीख लिहून ठेवा, म्हणजे कुठल्या प्रतीत काय आहे ते घरात सगळ्यांना कळेल.